मोल्सवर्थ आडनावाचे सगळे लोक एकाच घराण्यातले असतात का? हे आडनाव इंग्लंडमध्ये नक्की कुठलं?

नाही, एकाच घराण्यातले नसतात. आणि मोल्सवर्थ गावात जाऊन मोल्सवर्थ शोधू नका. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल. मला मात्र थांबवत नाही, कारण 'आडनाव एक म्हणजे घराणं एक' या समजुतीपायी आमच्याकडे दोन भावांचं बोलणं बंद झालेलं आहे.

आधी तुमचा प्रश्न. मोल्सवर्थ हे जुन्या हंटिंग्डनशर परगण्यातलं लहानसं खेडं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये मोडतं. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मोजणीच्या दप्तरात, त्याची नोंद आहे. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि ती मूल नावाच्या कुणा माणसाची. या मूलबद्दल नावापलीकडे काहीही उरलेलं नाही. गाव जगाला माहीत झालं ते १९८० च्या दशकात, शेजारच्या हवाई तळावर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं यायची ठरली तेव्हा. शांततावाद्यांनी तिथे तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये खुद्द संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन लष्करी जाकीट घालून त्यांना हटवायला हजर झाले. याचा आडनावाशी काही संबंध नाही, पण गाव शोधायला गेलात की गूगल तुम्हाला आधी हेच दाखवेल, म्हणून सांगून ठेवतो.

आता गावावरून आडनाव पडतं कुणाला? चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर कोण म्हणेल? तिथे सगळेच चिपळूणचे. चिपळूण सोडून पुण्याला आला की तो चिपळूणकर. इंग्लंडात बाराव्या ते चौदाव्या शतकात आडनावं स्थिरावली तेव्हाही हेच झालं. गाव सोडून गेलेल्याला नव्या ठिकाणी लोक 'मोल्सवर्थचा अमुक' म्हणू लागले. दुसरा प्रकार गावच्या जमीनदाराचा. तो गावातच राहून, हक्क दाखवायला म्हणून, गावाचं नाव लावायचा. म्हणजे एकाच गावावरून नाव घेणारे एकमेकांचे कोणीही नसलेले लोक निघू शकतात, एक वाड्यातला आणि दुसरा त्याच वाड्याचा गोठा सोडून शहरात गेलेला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं.

पण सरदार पूर्वज कुणाला नको असतो? पिअरेजच्या, म्हणजे सरदार घराण्यांच्या वंशावळींच्या, जुन्या पुस्तकांत मोल्सवर्थांचा मूळ पुरुष म्हणून वॉल्टर द मोल्सवर्थ दिलेला असतो, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धावर गेलेला. ठीक आहे, असेलही. पण अशी पुस्तकं ज्यांना पदव्या आहेत त्यांच्यासाठीच निघतात. गोठ्यातल्या मोल्सवर्थचं नाव त्यात कोण घालणार?

पदवीवाल्यांच्या ठळक शाखा दोन. एक कॉर्नवॉलमधल्या वेडब्रिजजवळच्या पेनकॅरोची. हे घराणं एलिझाबेथ राणीच्या काळात सरकारी कामावर तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. त्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर झाला, १६८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वारशाने चालणाऱ्या 'सर' पदवीचा. पुढचा सर विल्यम मोल्सवर्थ (१८१० ते १८५५) जहाल राजकारणी. त्याने तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीविरुद्ध संसदेची समिती चालवली आणि १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला. मंकी पझल या काटेरी झाडाचं नाव त्याच्याच बागेत पडलं म्हणतात. झाड बघून एक पाहुणा म्हणाला, यावर चढताना माकडालाही कोडं पडेल. दुसरी शाखा आयर्लंडची. तिथला रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीची एक पदवी) झाला, डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याची.

यावरून 'मोल्सवर्थ मूळचे कॉर्नवॉलचे' असं लिहिणारे भेटतात. मूळचे नव्हे, बदलीवर गेलेले. रॉचडेलचंही तसंच. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशात तुम्हाला लँकेशरमध्ये रॉचडेलपाशी मोल्सवर्थ दिसले तर ते उत्तरेतलं जुनं कुळ समजू नका. जॉन एडवर्ड नासाउ मोल्सवर्थ हे आयरिश व्हायकाउंट घराण्यातले पाद्री १८३९ ला तिथे व्हिकार, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री, म्हणून आले आणि चर्चच्या करावरून तिथल्याच जॉन ब्राइट या राजकारण्याशी भांडत आयुष्यभर तिथेच राहिले. एक मुलगा शेजारच्याच स्पॉटलंडला व्हिकार. दुसरा, गिलफर्ड, रेल्वे इंजिनियर होऊन सिलोनला आणि मग भारत सरकारच्या नोकरीत. त्याचं इंजिनियरिंगच्या सूत्रांचं खिशातलं पुस्तक आपल्याकडच्या जुन्या इंजिनियरांना ठाऊक असेल. म्हणजे नकाशावर ठिपके तीन देशांत आणि कारण एका बापाची नोकरी. नकाशा कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही.

आता आमचं. माझं आडनाव कोकणातल्या एका गावावरून आहे. ते लिहीत नाही, कारण लिहिलं की दादाला कळेल. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, आमच्या कुलवृत्तांत समितीचा अध्यक्ष. मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेला, मोडी वाचता येतं, म्हणून मला घेतलं. काम चांगलं चाललं होतं. मग एक दिवस दादाच्या ओसरीवर संगमेश्वरकडून एक गृहस्थ आले, आमच्याच आडनावाचे. कुलवृत्तांत निघतोय असं वर्तमानपत्रात वाचून एसटीने आले होते. प्लास्टिकच्या फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा मुंबईच्या गिरणीतला पास आणि एक मोडी कागद, घडीवर फाटलेला, मागून ब्राउन टेप लावलेला. पासावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची कारकुनाने पार वाट लावलेली. दादाने फाइल हातातही घेतली नाही. विचारलं, "गोत्र कुठलं?"

"गोत्र माहीत नाही. गाव माहीत आहे, तेच तुमचं."

दादाने वही मिटली. म्हणाला, "आडनावबंधू आहात, आनंद आहे, चहा घ्या." मी तो मोडी कागद वाचला. त्यात त्यांच्या पणजोबांच्या नावे आमच्याच गावात, आमच्याच खोताच्या सहीने दिलेल्या शेताची नोंद होती. म्हणजे त्या गावाच्या इतिहासात ते आमच्याइतकेच होते. रक्ताचे नसतील, आणि तसं ते म्हणतही नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की आडनावाचा इतिहास लिहिताय तर आमची ओळ त्यात घ्या. मी समितीत म्हटलं, पुस्तकाचं नाव तरी बदला, 'अमुक घराण्याच्या अमुक शाखेचा वृत्तांत' म्हणा, सगळं आडनाव आपल्या नावावर का चढवता? दादा म्हणाला, तू सातबारा लिहीत होतास तेच बरं होतं. पुस्तक निघालं. पहिल्याच पानावर मूळ पुरुष, शिवाजी महाराजांच्या पदरी असलेला. पुरावा मागू नका, मी मागितला होता.

तर मोल्सवर्थ. चेशरमध्ये चेस्टरजवळ मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे. आडनाव कानाला ऐकू येईल तसं लिहायच्या काळात ही दोन नावं एकमेकांत मिसळणं अगदी सोपं, त्यामुळे वायव्येकडचा प्रत्येक मोल्सवर्थ हंटिंग्डनशरचा धरू नये. स्पेलिंगच्या भरवशावर तर काहीच सोडू नका. मार्था मोल्सवर्थ नावाच्या विधवेने नोव्हेंबर १६३२ मध्ये स्वतःच्या आयुष्यावर एक कविता लिहिली, वयाच्या पंचावन्न वर्षांसाठी पंचावन्न द्विपदी. तिसरा नवरा बेव्हिल याच्यामुळे तिला हे आडनाव मिळालं, आणि तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येही 'ओ'नंतर 'यू' घुसलेला आहे. शिकलेल्या बाईची ही गत. आपल्याकडे तर लोकांनी शब्दकोशवाल्या जेम्स मोल्सवर्थचा सरळ 'मोलेसरशास्त्री' करून टाकला. तेव्हा शोधताना एल, डी, यू हे सगळं उलटसुलट करून बघा आणि 'मोल्सवर्थ-सेंट ऑबिन' हे जोडनावही बघा, कारण पेनकॅरोवाले पुढे तेच लावू लागले.

मार्थावरून आठवलं. तिची कविता विसाव्या शतकाच्या शेवटी छापली गेली नसती तर ती कुठल्याही वंशावळीत 'बेव्हिलची बायको' एवढीच राहिली असती. आमच्या कुलवृत्तांतात 'कन्या २' असं छापलंय. नावं नाहीत. त्यातली एक माझी आत्या, जिने दादाला अ-आ-इ-ई शिकवलं.

डीएनएवाले मध्ये येतीलच. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली, तर जवळजवळ निम्म्यांचं एकसारखं निघालं. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावं घेतली. आडनाव जितकं दुर्मिळ तितके त्यातले पुरुष एका मूळ पुरुषाकडे जाण्याचा संभव जास्त, असं दिसलं. अ‍ॅटनबरो आडनावात तर बहुतेकांचं वाय एकच. स्मिथांत तसं काही नाही. हे दादाच्या बाजूचं वाटतं ना? वाटू द्या. दुर्मिळ आडनावातसुद्धा उरलेले लोक असतातच: दत्तक गेलेले, सावत्र बापाचं नाव लावलेले, आईचं आडनाव पुढे चालवलेले आणि निव्वळ त्याच गावचे. ते त्या आडनावाचे नाहीत असं कुणी म्हणायचं? शिवाय वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, म्हणजे तिथेही 'कन्या २'च.

मोल्सवर्थसारखं आडनाव दुर्मिळ का, हेही यातूनच येतं. लहान गाव, त्यातून बाहेर पडलेले मोजके लोक, आणि नाव फक्त मुलग्यांकडून पुढे जाणार. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकाच्या वाचकांना हाच प्रश्न घातला होता की आडनावं नाहीशी होण्याचा हिशेब कसा मांडायचा. गणित जाणणारे पाद्री हेन्री विल्यम वॉटसन यांनी उत्तर दिलं. तेही पूर्ण बरोबर नव्हतं, त्यांच्या हिशेबाने सगळीच आडनावं शेवटी मरत होती, पण त्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. सर विल्यमसारख्या माणसालाही मूलबाळ नव्हतं. अशी दोन-चार घरं थांबली की आडनाव नकाशावरून आक्रसतं.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर आजपासून मागे जा, वॉल्टर द मोल्सवर्थपासून पुढे येऊ नका. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून, नावनिशीवार जनगणना १८४१ पासून, चर्चची रजिस्टरं १५३८ पासून, जिथे टिकली तिथे. मधल्या काळासाठी १६६० नंतरच्या चूल-कराच्या याद्या आणि त्याही मागे १३७७ ते १३८१ चा डोईपट्टीचा कर. एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज' ही संस्था १९७९ पासून आहे, तिथे आधी नाव टाकून बघा. माणूस भारतात येऊन गेलेला असेल तर मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि कृपा करून 'मोल्सवर्थ फॅमिली क्रेस्ट' छापलेला मग विकत घेऊ नका. इंग्लंडात कुलचिन्ह माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. दादाने आमचं 'कुलचिन्ह' काढून घेतलंय, त्यात तलवार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. आयरिश मोल्सवर्थांच्या मागे लागलात तर ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं, हे धरूनच चाला. तिथे जमिनीचे दस्त हाच आधार. आणि १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ मध्ये आगीत गेली, १९४१ ला झालीच नाही. त्यामुळे १९२१ नंतर तीस वर्षं नकाशात भोक आहे. त्या काळात एखाद्या तालुक्यातून आडनाव गायब दिसलं, तर घराणं संपलं असं लगेच लिहून टाकू नका.