गाइडमधला निबंध आणि पोळ्याची झडती

मॅडम, तुमचा प्रश्न असा, की बी.ए. पहिल्या वर्षाची पोरं निबंध गाइडमधून उतरवतात, शुद्धलेखनाची बोंब आहे, मग अशा वर्गात सर्जनशीलतेचे लाड परवडतात का, की आधी व्याकरणच घोटून घ्यावं? यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं मराठी शिकवतोय. माझं ऐकाल तर क्रम उलटा करा.

सुरुवातीला मीही लाल पेन घेऊनच बसायचो. ‘मले’ दिसलं की ‘मला’, ‘काऊन’ दिसलं की ‘का’. एका पोराची वही अशी रंगवली, की पुढच्या आठवड्यात त्यानं गाइडमधला ‘माझा आवडता ऋतू’ जसाच्या तसा आणून दिला. एकही चूक नव्हती. त्यात तो पोरगाही नव्हता.

तोच पोरगा पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे आपल्याकडची यमकातली चिमटे काढणारी कवनं, म्हणत होता. सरपंच, कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, कोणाला सोडलं नाही. यमक चोख, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ म्हणताना अख्खा गाव त्याच्या मागे. ह्याला लिहिता येत नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेव्हापासून पहिला खर्डा वऱ्हाडीतच. विषयही असा, जो गाइडला माहीत नाही. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ तर मुळीच देऊ नका, त्यावर सगळे रडतात आणि सगळे सारखेच रडतात. ‘वेचणीचा एक दिवस’ दिला तेव्हा एका मुलीनं लिहिलं, ‘सकाळी दवानं कापूस वल्ला अस्ते, वजन जास्त भरते, म्हणून मालक म्हंते ऊन चढल्यावरच या.’ वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे ठाऊक असलं की या एका वाक्यात अख्खा व्यवहार दिसतो. तिच्या वाक्यावर तासभर बोललो.

व्याकरण येतं ते दुसऱ्या खर्ड्यात. तोच मजकूर तहसीलदाराच्या अर्जात कसा जाईल, विचारा. ‘वल्ला’चं ‘ओला’ पोरं आपणच करतात, कारण आता राखायला काहीतरी त्यांचं असतं. सगळ्यांचं जमतं असं नाही. अनुस्वार अजूनही पावसासारखे, कुठे पडतील सांगता येत नाही.

आणखी एक. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ हे त्यांचं चरित्र सिद्ध केलं, तेही आपल्याच विदर्भातल्या रिद्धपुरात. पोरांना तेच करायला लावा: एक जुनी विहीर, दोन म्हातारे, दोघांचं म्हणणं वेगवेगळं लिहून आणायचं. ही गोष्ट गाइडमधून उतरवता येतच नाही.

पोरांकडून झडत्या लिहून घ्यायचा तास मात्र पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात घ्या. दिवाळीनंतर वेचणीचा जोर असतो, तेव्हा निम्मा वर्ग वावरात असतो.