‘तुझी आई कुठे गेली?’

ताई, मी ४३ वर्षांची. बदलापूरला राहते, नोकरी फोर्टात. आई जाऊन तीन वर्षं झाली. पुढच्याच वर्षी बाबांना डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. दिवसा एक मावशी असतात, मी आले की त्या जातात. घरात पाऊल टाकलं की बाबांचं सुरू होतं, ‘तुझी आई कुठे गेली?’ दर वेळी मी खरं ते सांगते. गेल्या मंगळवारी त्यांनी सातव्यांदा विचारलं आणि मी किंचाळले, ‘मेली ती! किती वेळा सांगू?’ बाबा काहीच बोलले नाहीत. मांडीवरच्या टॉवेलच्या घड्या घालत बसले. तेव्हापासून मला झोप नाही. मावशी परवा त्यांची गोळी द्यायला विसरल्या, तर त्यांना मी ‘असू दे’ म्हटलं आणि चहा दिला. मग बाबांवरच का ओरडले? इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आले तर मन शांत होईल का?
— बदलापूरची एक लेक

प्रिय लेकी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा टॉवेलपाशी अडले, दुसऱ्यांदा ‘सातव्यांदा’ या शब्दापाशी. बाबांनी किती वेळा विचारलं ते तुम्ही मोजलंत. किती वेळा उत्तर दिलंत, ते मात्र तुमच्या हिशेबात कुठेच नाही. जिची आई गेली तिनेच, कल्याणपर्यंत लोकलमध्ये उभ्याने येऊन, खांद्यावरची पर्स उतरवायच्या आधी, आई गेल्याची बातमी द्यायची. एका संध्याकाळी सात वेळा. आणि दर वेळी समोरचा चेहरा नव्याने पडलेला बघायचा. परक्या माणसाला हे काम दिलं असतं तर तिसऱ्या वेळी त्याने हात जोडले असते.

मला दाट संशय आहे की तुमचं आईसाठी रडायचंच राहून गेलंय. दिवसकार्य, बँकेतली नावं बदलणं, मग बाबांच्या तपासण्या. यात तुम्हाला कुणी ‘तू कशी आहेस गं?’ विचारलेलं पत्रात दिसत नाही.

आता बाबांचं. या आजारात नुकतंच ऐकलेलं मेंदूत टिकत नाही. त्यामुळे त्यांच्या लेखी प्रश्न दर वेळी पहिलाच, आणि मरणाची बातमीही पहिलीच. शिवाय दिवस कलला की अशा माणसांची घालमेल पुष्कळदा वाढते. म्हणजे तुमची सगळ्यात दमलेली वेळ आणि त्यांची सगळ्यात अवघड वेळ नेमकी एकच. तुम्ही स्वभावाला बोल लावताय. मला त्यात वेळापत्रकाचा दोष जास्त दिसतो.

आणि दर वेळी खरं सांगायलाच हवं, असं कुठे आहे? त्या प्रश्नाच्या पोटात बहुतेकदा ‘मला करमत नाही, जवळ बस’ एवढंच असतं. तेव्हा जवळ बसा आणि विचारा, ‘आठवण आली का आईची? आमटीत काय घालायची हो ती?’ यात खोटं काही नाही. बोलता बोलता तुमचे डोळे भरले तर भरू द्यात. त्या घरात आईला ओळखणारी तुम्ही दोघंच तर उरला आहात.

मंगळवारचं काय? शब्द ते विसरले असतील. धास्ती मात्र शब्दांपेक्षा थोडी जास्त टिकू शकते, हे मी लपवत नाही. पण मायेचंही तसंच असतं. रात्री त्यांच्या डोक्याला तेल लावून द्या. कुणी लावलं ते विसरतील, बरं वाटलेलं थोडा वेळ राहील.

मावशींना तुम्ही ‘असू दे’ म्हणालात. गोळी चुकणं ही काही लहान चूक नव्हे, तरी म्हणालात, कारण ती बाई दमलेली तुम्हाला दिसली. तोच शब्द आज रात्री स्वतःला म्हणून बघा. मोठ्याने म्हणा. विचित्र वाटेल, पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. आणि हो, चहासुद्धा करून घ्या, बसून प्यायचा.

इगतपुरीला जरूर जा, पण आत्ता नको. दहा दिवस मौन, फोन बंद, पहाटे चारला उठणं. मागे बाबांचं कसं, याच काळजीत तुमचे दहाही दिवस जातील. शिवाय प्रायश्चित्त म्हणून जायची ती जागा नाही. तूर्तास बदलापूर स्टेशनवरचा बाक पुरे. उतरल्यावर दहा मिनिटं तिथे बसा. भाजी आठवायची नाही, मोबाइल काढायचा नाही, जिना चढणारी गर्दी बघायची. मावशींना पंधरा मिनिटं जास्त थांबायचे पैसे द्या.

भाऊ, बहीण, कुणी असेल तर ‘जमेल का?’ असं विचारू नका. ‘येत्या रविवारी बाबा तुझ्याकडे’ असं सांगा. विचारलं की लोकांना कामं आठवतात, हा माझा जुना अनुभव आहे.

झोप आठवडाभरात परतली नाही, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्यासाठीची ही मोफत सेवा रात्रीबेरात्रीही चालू असते, मराठीतही बोलता येतं. बाबांच्या डॉक्टरांनाही संध्याकाळच्या घालमेलीबद्दल सांगा. कधी कधी त्यामागे साधं दुखणं, बद्धकोष्ठ किंवा लघवीचा संसर्गही निघतो.

आणि बाबांनी आमटीचं काही सांगितलं तर मला कळवा. मी आमसूल घालते, पण आमच्याकडे त्यावरून अजून वाद आहेत.

— तुमची ताई