गोव्यात अकूस्टिक गिटार बनवायची तर लाकूड आणि हत्यारं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीला राहता, सुतारकाम थोडंफार येतं, पहिली गिटार करायची आहे. शिसव घेऊ की फणस, आणि मशिनं कोणती लागतील? शिसव-फणसाचं नंतर बघू. आधी हवेतली आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर आणा आणि जिथे काम करणार त्या भिंतीवर टांगा.

माझी पहिली गिटार मी फोंड्याला घराच्या पडवीत भर जुलैत चिकटवली. चवथीला वाजवूनही झाली, सगळ्यांनी वाहवा केली. मार्चमध्ये भाचा ती पुण्याला घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत पाठ तडकली. लाकूड चांगलं होतं, चूक माझी. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत 85-90 टक्के आर्द्रता. लाकूड ती पिऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. फुगलेल्या पाठीवर मी आतून आडव्या पट्ट्या बसवल्या. कोरड्या हवेत पाठ आकसायला लागली, पट्ट्या काही आकसेनात, मग पाठच फाटली. घुमटाचं, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्याचं, चामडं सर्दावलं तर आरतीआधी शेकून घेता येतं. गिटारीला ती सोय नाही.

म्हणून पट्ट्या चिकटवायचं काम 45-50 टक्क्यांवरच करा. एक लहान खोली बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा खेचणारं यंत्र, लावला की पुरतं. माझ्या मते तो बँडसॉपेक्षा, म्हणजे पट्टा-करवतीच्या मशीनपेक्षा, आधी घ्यावा. लाकूड सुकलंय की नाही हे ओळखायची माझी रीत साधी आहे: प्रत्येक फळीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर आठवड्याला पुन्हा तोलायचं. वजन हलायचं थांबलं की फळी कामाला तयार.

आता लाकूड. वरची पाटी स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाची, ती बाहेरूनच मागवावी लागते. पुस्तकासारखी उघडलेली जोडी मिळते, रेषा उभ्या आणि एकसारख्या बघून घ्या. सीडरही चालतं, पण ते म्हणजे आपला देवदार नव्हे. गिटारीचं ते वेस्टर्न रेड सीडर वेगळ्याच जातीचं झाड आहे.

पाठ आणि कडांसाठी शिसव. जग ज्याला ईस्ट इंडियन रोझवूड म्हणतं ते हेच. मार्टिन कंपनीने 1969 मध्ये ब्राझीलचं रोझवूड सोडलं ते याच्यासाठी. मात्र दुकानात उत्तरेतलं शिशम शिसव म्हणून गळ्यात मारतात, सांभाळा. मला स्वतःला जुन्या घरांतली मोडकी कपाटं, पलंग यांतलं शिसव आवडतं. ते कित्येक पावसाळे खाऊन बसलेलं असतं. मोजपट्टी मात्र सोबत न्या: पाठीच्या प्रत्येक अर्ध्याला साधारण 20 सेंटिमीटर रुंदी आणि 50 च्या वर लांबी, कडेला 80 लांबी लागते. खिळ्यांची भोकं नीट शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. शिसव तेलकट असतं, चिकटवण्याआधी लगेच ॲसिटोनने पुसा.

फणसही वाईट नाही. तंजावरची वीणा त्याचीच होते. पण तंतू उलटसुलट असल्याने रंधा ओरबाडतो आणि कड वाकवताना हात बसलेला नसेल तर मोडते. पहिल्या गिटारीला नको.

हत्यारं जेवढी वाटतात तेवढी लागत नाहीत. धार लावलेला रंधा, दोन-तीन पटाश्या, गुण्या, डिजिटल कॅलिपर, फ्रेटची (गिटारीच्या मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांच्या खाचा पाडायची) बारीक करवत. वरची पाटी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि कडा 2 मिलिमीटरवर आणायच्या, तिथे डोळ्यांवर विसंबू नका. कडा वाकवायला जाड धातूचा पाइप शिकंज्यात धरून आत हीट गन. पट्ट्या दाबायला महागडे क्लॅम्प कशाला? वर-खाली दोन फळ्या खांबांवर पक्क्या करा खालच्या फळीवर पाठ ठेवा आणि तिच्या पट्ट्या आणि वरची फळी यांच्या मध्ये बांबूच्या कांबी वाकवून अडकवा, हव्या तितक्या. फ्रेटचा हिशोब 17.817 ने भागायचा: 650 मिलिमीटर तारेला पहिला फ्रेट 36.48 वर, उरलेल्याला पुन्हा त्याच आकड्याने भागा, बारावा बरोबर 325 वर आला पाहिजे.

गोंदात काटकसर नको. पोलादी सहा तारांचा मिळून ताण 70 किलोंच्या आसपास असतो, आणि साधा पांढरा गोंद उन्हातल्या बंद गाडीत मऊ पडून ब्रिज, म्हणजे तारा ज्याला अडकवतात तो वरच्या पाटीवरचा ठोकळा, सरकू देतो. लाकडी वाद्यांना चालणारा पिवळा गोंद घ्या.

आणि परसातलाच फणस पाडायचा बेत असेल तर थांबा. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने आपल्या जमिनीतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. ती मिळाली तरी फळ्या पाडून, टोकांना रंग फासून सावलीत रचून ठेवा, दोन तरी पावसाळे. तोवर स्प्रूसची जोडी मागवून तिचं वजन लिहायला सुरुवात करा.