लेहचा दगड, वावरातला दगड

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातला शेतकरी, कापूस आणि तूर करतो. पोरगा फौजेत आहे, दोन वर्षं लेहला होता. पोळ्याला सुटीवर आला तेव्हा ट्रंकेतून मुठीएवढा एक दगड घेऊन आला. पांढुरका, अंगावर काळे ठिपके, उन्हात धरला की चमकतो. त्यांच्या एका साहेबांनी सांगितलं म्हणे, की हा दगड समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या पोटातला आहे. आमच्या शाळेचे गुरुजी म्हणतात, हिमालय समुद्राच्या गाळातून झाला, तिथं ज्वालामुखी कुठून आला? घरात रोज यावरून वाद होतो. माझ्या आईनं दगड देवघरात ठेवला आहे. खरं काय? आणि समुद्रातलं बेट अकरा-बारा हजार फुटांवर गेलं काहून?
— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. एकतीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, पण दगड घरात आल्यावर असा वाद व्हावा ही इच्छा नेहमी मनात असायची. गुरुजी खरे आहेत आणि साहेबही खरे आहेत. दोघं वेगवेगळ्या डोंगरांबद्दल बोलत आहेत, एवढंच.

लेहच्या खाली सिंधू नदी वाहते. तिच्या दक्षिणेला झांस्करचे डोंगर आहेत. ते गुरुजींचे. समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झालेले, चुनखडकाचे. त्यात नाण्यासारखे चपटे जीवाश्म सापडतात, नुम्युलाइट म्हणतात त्यांना. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर तिथला समुद्र संपला. नदीच्या उत्तरेला, जिकडे लेह गाव आणि खारदुंगला खिंड आहे, ते पांढुरके डोंगर साहेबांचे. ते गाळाचे नाहीत. जमिनीखाली गोठलेल्या शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, हा सुमारे ६०० किलोमीटर लांब पट्टा आहे, त्याला लडाख बॅथोलिथ हे नाव आहे. मधली सिंधू त्या दोन मुलखांच्या शिवणीवरून वाहते.

आता एक काम करा. आईंची परवानगी घेऊन दगड सकाळच्या उन्हात अंगणात आणा. धुऱ्यावरचा एक काळा दगड हातोडीनं फोडून त्याच्या शेजारी ठेवा. लेहच्या दगडात दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतील. पांढरा तो फेल्डस्पार, काचेसारखा करडा तो क्वार्ट्‌झ, आणि जो काळा पापुद्रा चमकतो तो अभ्रक. तुमच्या काळ्या दगडात दाणे दिसणार नाहीत, फार तर बारीक भोकं दिसतील आणि एखाद्या भोकात गारगोटी बसलेली असेल. काळा दगड लाव्हा म्हणून जमिनीवर पसरला आणि लवकर थंड झाला, दाण्याला वाढायला वेळच मिळाला नाही. लेहचा दगड कित्येक किलोमीटर खोल, वर खडकाचं पांघरूण घेऊन, लाखो वर्षं हळूहळू थंड झाला. दाण्याचा आकार बघून खोली सांगता येते. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

तर एवढ्या खोलीत तो शिलारस आला कुठून? पृथ्वीचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं आहे, त्यांना भूपट्ट म्हणतात. समुद्राच्या तळाचा भूपट्ट जड असतो. दुसऱ्या भूपट्टाला भिडला की तो त्याच्याखाली तिरका घुसतो. जाताना ओल घेऊन जातो, पाणी खनिजांच्या अंगातच मुरलेलं असतं. साधारण १०० किलोमीटर खोल गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या गरम खडकात शिरतं आणि तो खडक कमी तापमानाला वितळू लागतो. घरी पाक करताना कोरडा गूळ आचेवर ठेवला तर करपतो, चमचाभर पाणी घातलं की मंद आचेवर पातळ होतो. उपमा तंतोतंत नाही, पण पाण्याचं काम लक्षात येईल. वितळलेला रस हलका, तो वर चढतो आणि समुद्रात ज्वालामुखींची बेटं तयार होतात. ती एका ओळीत, कमानीसारखी उभी राहतात, म्हणून त्यांना बेटांची कमान किंवा द्वीपचाप म्हणतात. सगळा रस काही वर येत नाही. बराचसा पोटातच राहून गोठतो. तुमच्या आईंच्या देवघरातला दगड त्या पोटातला आहे.

भारत आणि आशिया यांच्यात टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्यात अशी कमान होती. द्रासकडे तिचा लाव्हा अजून दिसतो, हिरवट रंगाचा, आणि पाण्याखाली ओतला गेल्यामुळे ठिकठिकाणी उशांसारखा गोल गोल. ही कमान आधी आशियाला जाऊन चिकटली की भारतानं येऊन तिला धडक दिली, यावर अभ्यासकांची आजही दोन मतं आहेत. त्यामुळे लेहचा दगड गोठत होता तेव्हा वर सुटं बेट होतं की आशियाच्या काठाला चिकटलेलं, हा वाद चालू राहील. तो ज्वालामुखींच्या माळेखालचा रस आहे, याबद्दल वाद नाही.

बेट उंचावर गेलं काहून, याचं उत्तर देताना मला तैवान सांगावंच लागतं, कारण तिथं हे काम आज, आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. समुद्राचा तळ जड असल्यानं खाली जातो, पण त्याच्या मागून खंडाचा काठ आला की गाडं अडतं. खंडाचा खडक हलका आणि जाड असतो, तो खोल बुडत नाही. तैवानजवळ फिलिपीन समुद्राचा भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर वेगानं वायव्येकडे सरकतो आणि त्याच्या अंगावर लुझोन नावाची ज्वालामुखी बेटांची कमान आहे. ही कमान गेली पन्नास-साठ लाख वर्षं चीनच्या खंडाच्या काठावर चढते आहे.

वखर चालवताना तुम्ही पाहिलं असेल. पास, म्हणजे वखराचं पातं, जमिनीत थोडी खोल लागली की पुढं माती, ढेकळं, पऱ्हाटीची धसकटं गोळा होऊन ढीग उभा राहतो. बैल जसे पुढं जातात तसा ढीग उंच होतो, एका हद्दीनंतर त्याची कड ढासळते आणि तो पुढच्या बाजूला रुंद होतो. तैवानचे डोंगर असेच आहेत. कमान म्हणजे पास, आणि खंडाच्या काठावरचा गाळ, चुनखडक, जुने खडक हा ढीग. त्याचा माथा यूशान, ३,९५२ मीटर. बेटाच्या पूर्व किनाऱ्याला जी डोंगररांग आहे ती कमानीचाच तुकडा, आता जमिनीला जोडला गेलेला. दक्षिण-पूर्वेला ल्यूदाव आणि लानयू ही दोन ज्वालामुखी बेटं अजून समुद्रात आहेत, त्यांची पाळी यायची आहे.

त्या डोंगररांगेच्या आणि मुख्य डोंगरांच्या मधोमध सुमारे दीडशे किलोमीटर लांब एक अरुंद खोरं आहे. हीच तिथली शिवण. त्यात चिशांग नावाचं गाव आहे, तांदळासाठी तैवानभर नाव असलेलं. आपल्या भंडारा-गोंदियासारख्या धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या खालून भेग. ती भेग भूकंपाची वाट न बघता वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर सरकत राहते. सिमेंटचे पाट आणि भिंती तिथं हळूहळू चिरतात, लोक दुरुस्त करतात, परत चिरतात. या गावाबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की दोन भूपट्टांची हद्द कुणाच्या तरी धुऱ्यावरून जाते.

सगळ्याच भेगा अशा सौम्य नसतात. २१ सप्टेंबर १९९९ ला चीची इथल्या भूकंपात चेलुंगपू भेगेच्या उत्तर टोकाला जमीन काही सेकंदांत सात-आठ मीटर उचलली गेली. शीगांग धरण तुटलं. एका शाळेच्या मैदानावर धावपट्टीच्या मधोमध दोन मीटरहून उंच पायरी उभी राहिली. ते मैदान आज संग्रहालय म्हणून तसंच जपलं आहे. सुमारे २,४०० माणसं गेली. डोंगर उंच होतो तो असा, कधी रोज केसभर आणि कधी एका रात्रीत घरं पाडून. हे शेवटचं लिहिताना हात जड होतो, पण ते लपवून डोंगराची गोष्ट सांगता येत नाही.

आता राहिलं तुमचं वावर. लेहचा हा पट्टा एकाच वेळी तयार झाला नाही, पण त्यातला बराच शिलारस ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी आला. आपल्याकडचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे विदर्भावर लाव्हा पसरत होता त्याच सुमारास तिकडे दूर उत्तरेला तुमच्या देवघरातला दगड आकार घेत होता. तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास, भूपट्टांच्या हिशेबानं धावतच, उत्तरेला निघाली होती. मधे अख्खा समुद्र होता. नोकरीत असताना मी एकदाच लेहला गेलो. घरच्या वावरातला एक काळा दगड खिशात घेऊन गेलो होतो. गावामागच्या उतारावर बसून तो पांढऱ्या दगडाला लावून पाहिला. बराच वेळ उठलो नाही. तुमच्या घरी आज ते दोन दगड एका छपराखाली आहेत, आईंना हे जरूर सांगा.

एक गोष्ट उरली. खोलवर गोठलेला दगड उघड्यावर आला म्हणजे त्याच्या डोक्यावरचा कित्येक किलोमीटर खडक कुठं तरी गेला. तो कुठं गेला हे खालच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की तैवानचे डोंगर वर्षाला साधारण ५ मिलिमीटर वर येतात. मी गुणाकार केला. १० लाख वर्षांत ५ किलोमीटर, ५० लाख वर्षांत २५ किलोमीटर. मग तिथला सगळ्यात उंच डोंगर ४ किलोमीटरचाही का नाही? माझं गणित चुकलं का?
— एक विद्यार्थिनी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : बेटा, गणित बरोबर आहे. तू जमा धरली, खर्च धरला नाही. खर्च पाऊस करतो.

ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट नावाचं वादळ तैवानवर आलं. आलीशानच्या डोंगरात चार दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. नागपूरला वर्षभरात ११०० मिलिमीटरच्या जवळपास पडतो, म्हणजे आपला दोन वर्षांचा पाऊस चार दिवसांत. डोंगर ताजे, भेगांनी खिळखिळे झालेले, उतार उभे. शियाओलिन नावाचं गाव त्यात दरडीखाली गाडलं गेलं, शेकडो माणसं गेली.

तैवानच्या नद्या वर्षाला सरासरी ३८ कोटी टन गाळ समुद्रात नेतात. हे बेट विदर्भाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच मोठं आहे, पण जगातल्या सगळ्या नद्यांच्या गाळातला जवळपास २ टक्के गाळ त्याचा. मोजणी करणाऱ्यांना झिजण्याचा वेग वर्षाला ३ ते ६ मिलिमीटर मिळाला. तुझे ५ मिलिमीटर त्याच्या शेजारी लिहून बघ. जेवढं वर येतं तेवढंच जवळपास खाली वाहून जातं, त्यामुळे उंची एका जागी थबकते आणि खडक मात्र खालून वर येतच राहतो.

यात आणखी एक भाग आहे, तो मला फार आवडतो. वैनगंगेत रेतीनं भरलेला डोंगा पाहिला आहेस ना? रेती काढत गेलं की डोंगा पाण्यातून वर येतो. डोंगरही खालच्या जड खडकावर तसाच तरंगतो. पावसानं वरचा भार नेला की तो वर उचलला जातो. काढलेल्या भाराइतका पूर्ण नाही, त्याहून थोडा कमी. असं लाखो वर्षं चाललं की एकेकाळी पोटात असलेला खडक माथ्यावर येतो. वरच्या पत्रातल्या काकांकडचा दगड अशाच झिजेमुळे उघडा पडला. त्याच्या डोक्यावरचा बराच खडक आज सिंधूच्या काठी जांभळ्या-तांबड्या गाळाच्या थरांत आहे, पांढऱ्या गोट्यांसकट.

प्रश्न : सर, आम्ही बचत गटाच्या बायका गेल्या वर्षी अंदमानला जाऊन आलो. डिगलीपूरकडे किनाऱ्यावर मेलेलं प्रवाळ पाण्याबाहेर उघडं पडलेलं दिसलं. नाववाला म्हणाला, जमीन वर आली. ओहोटी होती म्हणून तसं दिसलं असेल का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, नाववाल्याचं म्हणणं बरोबर आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात भेग सुमारे १,३०० किलोमीटर फाटली. उत्तर अंदमानचा किनारा वर आला, पश्चिमेकडे इंटरव्ह्यू बेटाजवळ एक मीटरहून जास्त. त्याच वेळी पोर्ट ब्लेअर सुमारे एक मीटर खचलं आणि ग्रेट निकोबारच्या टोकाचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेलं. तिथलं दीपगृह त्या दिवसापासून पाण्यात उभं आहे. तैवानसारखी टक्कर तिथं नाही. भारताचा भूपट्ट अंदमानखाली घुसतो आहे आणि पूर्वेला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, आपल्या देशातला एकमेव जागता, त्याच ओळीत आहे.

ओहोटी की उचल, हे तुम्हाला स्वतःला तपासता येतं. प्रवाळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या रेषेपर्यंतच वाढतं, त्याच्या वर उघडं पडून मरतं, म्हणून त्याचा माथा सपाट होतो. मेलेल्या प्रवाळाचा सपाट माथा ही जुन्या ओहोटीची खूण. जवळच्या जिवंत प्रवाळाचा माथा ही आजची. दोन्हींमधलं अंतर म्हणजे जमीन जेवढी वर आली तेवढं, साधारणपणे. पुन्हा गेलात तर शिवणकामाची टेप सोबत ठेवा, जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, मोजमाप, जागा आणि ओहोटीची वेळ लिहून मला कळवा.