ळ कुठे बसवायचा?

सप्रेम नमस्कार,

तुझा कोड काल रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत वाचला. वाचनालयाची सभासद यादी क्रमाने लावायला तू जावात सात क्लास लिहिलेस, प्रत्येकाचं काम एकच: दोन सभासदांत आधी कोण ते सांगणं. एक आडनावाने तुलना करणारा, एक वर्गणीच्या तारखेने, एक थकबाकीने, या तिघांचे तीन उलटे आणि सातवा मराठी वर्णक्रमाचा. पहिले सहा उडवून टाक. सातवा ठेव, त्यात अजून भर घाल. का, ते समोर बसून सांगायला गेले तर दहा मिनिटांत कुणीतरी मीटिंगला बोलावेल, म्हणून लिहिते.

फंक्शन ऑब्जेक्ट, म्हणजे फंक्शनसारखं वापरता येणारं ऑब्जेक्ट, हे तुला ठाऊक आहेच. तुझे सातही क्लास त्याच जातीचे. सी प्लस प्लसमध्ये कंसाचा ऑपरेटर असलेला क्लास, पायथॉनमध्ये डंडर कॉल (__call__) ही मेथड असलेला क्लास, जावात एकच मेथड असलेल्या इंटरफेसचं ऑब्जेक्ट. जावात २०१४ पर्यंत, म्हणजे आठवी आवृत्ती येईपर्यंत, ‘एवढं काम कर’ असं नुसतं काम दुसऱ्याच्या हातात देता येत नसे. त्याला क्लासचा अंगरखा घालावा लागे. आम्ही निनावी क्लास लिहायचो. पाच ओळींचा पसारा आणि कामाची ओळ एकच. तू ज्या जुन्या कोडवरून शिकलीस तो त्या काळातला आहे, त्यामुळे ती सवय तुझ्याकडे आली. आता तारखेच्या तुलनेला एका ओळीचा लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, पुरतो आणि उलट्या क्रमासाठी कम्पॅरेटरवर (जावात तुलना करणाऱ्या ऑब्जेक्टचं हे नाव) ‘रिव्हर्स्ड’ आहेच. सी प्लस प्लसमध्ये तर २०११ पासून तू लॅम्डा लिहिलास की कंपायलर स्वतःच त्याचा निनावी क्लास बनवतो. मग तो हाताने कशाला लिहायचा?

थकबाकीवाला उडवताना त्यातली वजाबाकीही उडव. एकाच्या पैशांतून दुसऱ्याचे पैसे वजा करून तू उत्तर परत देतेस: ऋण आलं तर पहिला आधी, धन आलं तर दुसरा, शून्य आलं तर दोघे सारखे. रक्कम पैशांत आणि ‘इंट’मध्ये, म्हणजे जावाच्या साध्या पूर्णांकात, आहे, आणि इंटची मर्यादा २१४ कोटींच्या थोडी पुढे संपते. एका खात्यावर दीड कोटी रुपये जमा आणि दुसऱ्यावर एक कोटी येणं असेल तर फरक २५० कोटी पैसे होतो. तो इंटमध्ये मावत नाही, उलटून ऋण होतो, आणि मोठी रक्कम लहान ठरते. वाचनालयात एवढे पैसे कुठून येणार म्हणशील. पण हाच कोड उद्या कुणीतरी पतसंस्थेच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवेल. ‘इंटिजर’ची तयार ‘कम्पेअर’ वापर.

आता सातवा क्लास.

संगणक अक्षरांना क्रमांक देतो ते युनिकोड या मानकाप्रमाणे, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या इस्की या जुन्या मानकावरून घेतली. तिथे ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसतो. म्हणून त्या क्रमांकांप्रमाणे साधा सॉर्ट लावला की काळे आधी येतात आणि काशीकर, कावळे मागून. आपल्या वर्णमालेत ळ ह च्याही नंतरचा, म्हणजे कावळे, काशीकर, मग काळे. ग्रंथपालबाईंनी पहिल्याच दिवशी ‘यादी चुकलीय’ म्हटलं ते याच्यामुळे, आणि तू ते बरोबर ओळखलंस. क्ष ची तऱ्हा आणखी वेगळी. संगणकाला तो क, हलन्त, ष असा दिसतो, म्हणून क्षीरसागर कोल्ह्यांच्या मागे आणि खऱ्यांच्या आधी येतात. वर्णमाला म्हणताना आपण क्ष, ज्ञ शेवटी म्हणतो, पण काही कोशांत क्ष क च्याच पोटात सापडतो. म्हणजे इथे बरोबर-चूक असं काही नाही. त्या वाचनालयाची जी पद्धत असेल ती.

या ‘जी पद्धत असेल ती’साठीच ऑब्जेक्ट लागतं. सी मधल्या क्यूसॉर्टला, म्हणजे यादी क्रमाने लावणाऱ्या तयार फंक्शनला, तू तुलनेच्या फंक्शनचा पत्ता देतेस, त्या फंक्शनला फक्त दोन नावं मिळतात. क्ष कुठे ठेवायचा हे त्याला सांगायचं तर ग्लोबल व्हेरिएबल. एकाच वेळी दोन वाचनालयांच्या याद्या लावायच्या झाल्या की भांडण. ऑब्जेक्टला मात्र स्वतःची आठवण असते. क्ष चा नियम कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, दे आणि ‘फायनल’ (नंतर न बदलणाऱ्या) फील्डमध्ये ठेव. अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ताही तिथेच एकदा तयार कर. सध्या तू तो प्रत्येक तुलनेत नव्याने बनवतेस. पाच हजार नावं लावायला पन्नास-साठ हजार तुलना होतात, तेवढ्या वेळा तक्ता! यादी हळू येते ती त्यामुळे. शिवाय क्लासला नाव असल्यामुळे त्याची चाचणी सरळ घेता येते. काशीकर आणि काळे हातात द्यायचे, उत्तर ऋण आलं की झालं. यादी नको, डेटाबेस नको.

आयसीयू या युनिकोडच्या तयार कोड-लायब्ररीत मराठीचा क्रम तयार मिळतो हे मला माहीत आहे. प्रत्यक्ष कामात तोच घे आणि आपला क्लास त्याच्याभोवती गुंडाळ. पण तू आधी हाताने लिहिलास ते मला आवडलं.

या आठवणीला एकच पथ्य आहे: ऑब्जेक्ट जन्मल्यावर ती बदलायची नाही. तू क्ष च्या नियमासाठी सेटर, म्हणजे नियम मागाहून बदलणारी मेथड, ठेवला आहेस, तो काढ. मी हा उद्योग करून बसले आहे. ट्रीमॅपला (हा नोंदी झाडाच्या रूपात क्रमाने ठेवतो) कम्पॅरेटर दिला, मॅप भरला, आणि मग सोय म्हणून स्क्रीनवरून त्याच कम्पॅरेटरचा नियम बदलू दिला. मॅपमध्ये नोंद होती, सगळी यादी छापली की दिसायची, पण नावाने शोधलं की ‘नल’, म्हणजे काहीच नाही. झाड जुन्या नियमाने वाढलेलं आणि शोध नव्या नियमाने चाललेला. दोन दिवस मी डेटाबेसवाल्याला बोल लावत होते.

सॉर्ट चालू असताना नियम बदलला किंवा तुलनाच परस्परविसंगत असली तर जावा सातपासून कधीकधी अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना) फेकते, की तुलनेने करार मोडला. कधीकधीच, हे लक्षात ठेव. ३२ पेक्षा कमी घटक असतील तर ती तपासणी वाटेतच येत नाही. तुझ्या चाचणीत दहा नावं आहेत.

आणि ट्रीसेटला, म्हणजे एकसारख्या नोंदी एकदाच ठेवणाऱ्या संचाला, नुसत्या आडनावाचा लॅम्डा देऊ नकोस. तुलनेचं उत्तर शून्य आलं की त्याच्या लेखी ती एकच व्यक्ती. गावातल्या सगळ्या काळ्यांमधून एकच उरेल. आडनाव, मग नाव, मग सभासद क्रमांक असं ‘देन कम्पेअरिंग’ने जोडत जा.

क्ष चं काय करायचं ते तू ठरवू नकोस, मीही नाही. ग्रंथपालबाईंना फोन कर. दुपारी एक ते चार वाचनालय बंद असतं.

तुझी,
ताई

ता. क. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. कुणी ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. सातव्या क्लासला दोन्ही देऊन बघ, आणि काय उत्तर येतं ते मला कळव.