अँबेसेडरखाली तेल दिसलं म्हणून इंजिन उतरवू नका

जुन्या पेट्रोल अँबेसेडरखाली तेलाचे थेंब दिसले की मेकॅनिक लगेच इंजिन उतरवायचं म्हणतो. थोडं थांबा. आधी इंजिन डिझेल-ब्रशने स्वच्छ धुवा, कोरडं करा, थोडं फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. फॅनच्या वाऱ्याने तेल मागे पसरतं, म्हणून थेंब पडतो ती जागा पाहू नका, सगळ्यात वरचा ओला डाग शोधा.

बहुतेकदा तो टॅपेट कव्हरपाशी, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापाशी सापडतो. कॉर्कचं पॅकिंग कडक झालं की पाझरतं. नवं बसवताना नट आवळत सुटू नका, कव्हर वाकलं की गळती कायमची. सीलंटही थापू नका, आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. इंजिनाच्या बाजूची, मॅनिफोल्डखालची (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांखालची) दोन कव्हरंही तपासा. तिथे हात पोचत नाही म्हणून सगळे ती सोडून देतात.

पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी साफ करा, हे मी आग्रहाने सांगतो. तो तुंबला की आतला दाब तेलाला मिळेल तिथून बाहेर ढकलतो.

बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लचवरच्या आवरणाच्या) तळातून गळत असेल तर मात्र वेगळं प्रकरण. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) या १४८९ सीसी इंजिनाला मागे रबरी सील नाही, क्रँकवरचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचे आटे तेल परत आत ओढतात. तिथे थोडं गळणारच. क्लच घसरेपर्यंत इंजिनाला हात लावू नका, फक्त डिपस्टिक दर आठवड्याला बघा.

आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नका.