फॉरमॅट मारायच्या आधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तिघांनी एकच वाक्य लिहिलंय : ‘दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल.’ १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट थांबला. त्यानंतर जुनं मशीन भंगारात देण्याऐवजी त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली, म्हणजे लिनक्स मिंट किंवा उबुंटू, टाकून घेतलेल्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. मशीन अडलं की मात्र सल्ला जुनाच मिळतो. मी कोल्हापुरातल्या छापखान्यांत डीटीपी करत आले, त्यातली शेवटची बारा वर्षं लिनक्सवर. फॉरमॅट मारलं, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकलं, की मशीन सुरू होतं हे खरं आहे, पण बिघडलं काय होतं ते कळत नाही. मग महिन्याभरात तेच पुन्हा होतं, आणि गेलेल्या फायली गेलेल्याच राहतात. म्हणून उत्तराची सुरुवात मी पडद्यावर काय लिहून आलंय तिथूनच करते. खाली दिलेले आदेश इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आहेत. फोनवर सांगते तशी इथेही अक्षरं सुटी करून दिली आहेत.

ताई, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. परवापासून पासवर्ड टाकला की क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा पासवर्डचीच खिडकी येते. पासवर्ड चुकला असं म्हणत नाही. दहा वेळा करून पाहिलं. माझ्या एम.ए.च्या प्रबंधाची तीन प्रकरणं आत आहेत. — एक विद्यार्थिनी, सोलापूर

आधी मन शांत करा, तुमची तीन प्रकरणं बहुतेक जागच्या जागी आहेत. पासवर्ड चुकला असता तर मशीनने तसं सांगितलं असतं. तो बरोबर आहे, तुम्हाला आत घेतलंही जातंय, पण आत पाऊल ठेवताच मशीनला एक छोटी फाइल लिहायची असते आणि ती लिहिता येत नाही, म्हणून ते तुम्हाला परत दारात आणून सोडतं. ती लिहिता न येण्याचं मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असणं.

पासवर्डच्या खिडकीवर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ असं येईल. तुमचं युजरनेम लिहा, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना तिथे चांदणीसुद्धा उमटत नाही. पुष्कळ जण इथेच घाबरतात आणि कळफलक बिघडला समजतात. काही दिसत नसलं तरी टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

आता डी, एफ, स्पेस, आडवी रेघ, एच असं लिहून एंटर दाबा. एक तक्ता येईल. त्यातली जी ओळ शेवटी नुसत्या तिरक्या रेघेने संपते, तिच्यातली टक्केवारी पाहा. तिथे १०० असेल तर दुखणं सापडलं.

तुम्हाला प्रश्न पडेल की डिस्क भरली असताना मशीन पासवर्डपर्यंत तरी कसं पोचतं? लिनक्सची नेहमीची फाइलव्यवस्था ईएक्सटी४, आणि ती डिस्कची ५ टक्के जागा व्यवस्थापकासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवते. १०० जीबीच्या भागात ५ जीबी. तुमच्या नावावरची जागा संपली तरी मशीनला स्वतःची कामं करता यावीत, म्हणून ही सोय. त्याच आधारावर आपण आता साफसफाई करू.

एस-यू-डी-ओ, स्पेस, ए-पी-टी, स्पेस, सी-एल-ई-ए-एन. पासवर्ड विचारला की द्या. अपडेटसाठी उतरवून घेतलेली आणि आता काम संपलेली पाकिटं (पॅकेजेस) यामुळे पुसली जातात. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. एवढ्याने बहुतेक वेळा काहीशे एमबी सुटतात आणि आत जायला तेवढे पुरतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ दाबून पासवर्डच्या खिडकीवर परत या. उबुंटूवर असाल तर एफ१.

आत गेल्यावर मेनूत ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ शोधा. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते तो चकत्यांच्या चित्रात दाखवतो. कचरापेटी रिकामी करा. आणि सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारा ‘टाइमशिफ्ट’ हा प्रोग्राम उघडून बघाच.

टाइमशिफ्टचं एवढं बोलते, कारण माझ्यावरच ही पाळी आली होती. दिवाळी अंकाचे दिवस, १२० जीबीची डिस्क, मुखपृष्ठ रात्री प्लेटला जायचं आणि संध्याकाळी सहा वाजता मशीन आत घेईना. शेजारच्या माणसाने लगेच सांगितलं, फॉरमॅट मारून देतो, दोन तासांत होईल. मी त्याला थांबवलं आणि वर सांगितलेला तक्ता पाहिला. शंभर टक्के. टाइमशिफ्टच्या सेटिंगमध्ये मी रोजची पाच चित्रं (स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशीच्या सिस्टिमच्या प्रती) ठेवायला सांगितली होती, ते ठीकच होतं. पण ‘युजर्स’च्या पानावर माझं घरचं फोल्डरही त्यात धरा अशी खूण केली होती. टाइमशिफ्टची रीत अशी की न बदललेली फाइल पुन्हा जागा घेत नाही, पण बदललेल्या फाइलची मात्र पूर्ण नवी प्रत ठेवली जाते. मुखपृष्ठाची टिफ फाइल साडेतीनशे एमबीची, शिवाय आतल्या रंगीत पानांच्या तशाच पंधरा-वीस, आणि सगळ्यांवर रोज हात फिरत होता. पाच दिवसांत डिस्क भरली. जुनी चार चित्रं टाइमशिफ्टमधूनच डिलीट केली, युजर्सच्या पानावरची खूण काढली आणि आठ वाजता मुखपृष्ठ प्लेटला गेलं. टाइमशिफ्ट सिस्टिमसाठी आहे. आपल्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची. तुमची तीन प्रकरणं आत शिरल्याबरोबर आधी पेनड्राइव्हवर घ्या, मग बाकीचं.

तक्त्यात टक्केवारी कमी दिसली तर दुसरं कारण शोधू. एखादा खिडकीवाला प्रोग्राम ‘सुडो’ (वरचंच एस-यू-डी-ओ) लावून उघडला गेला असेल तर घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलची मालकी रूटकडे जाते. तिचं नाव बदलून ठेवलं की पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. ही वेळ आली तर मला कळवा, अक्षरं सुटी करून पाठवीन.

आमच्या वाचनालयात एकच संगणक आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली. आता मशीन चालतं, पण नवीन काही टाकायला गेलं की पुढील मजकूर येतो : ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड, यू मस्ट मॅन्युअली रन...’ आणि पुढे काही अक्षरं. सभासदांची यादी आत आहे. फॉरमॅट मारायला सांगितलंय. — एक ग्रंथपाल, वाळवा तालुका

सर, मजकूर उतरवून पाठवलात हे फार चांगलं केलंत. त्यातल्या ‘पुढे काही अक्षरं’मध्येच उत्तर आहे.

तुमच्या कामातलंच उदाहरण देते. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला, तुम्ही तो सोडला, दाखल नोंदवहीत चढवायला घेतला आणि चाळीस पुस्तकांपैकी सतराव्याला लाइट गेली. उरलेली पुस्तकं टेबलावर आहेत, पण क्रमांक पडलेला नाही, लेबल नाही. अशा वेळी तुम्ही वाचनालय जाळून नवं बांधत नाही. अठराव्यापासून पुढे चढवायला घेता. डीपीकेजी म्हणजे मिंट-उबुंटूचा हा दाखल करणारा कारकून. आधी पाकिटं सोडतो, मग एकेकाची मांडणी करतो. मांडणी अर्धी राहिली म्हणून तो नवीन पाकीट हातात घेत नाही.

टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडा आणि संदेशात अवतरणचिन्हांमध्ये जो आदेश दिला आहे तो जसाच्या तसा लिहा : एस-यू-डी-ओ, स्पेस, डी-पी-के-जी, स्पेस, लागोपाठ दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून कॉन्फिगर, स्पेस, आडवी रेघ, ए. ओळींमागून ओळी पळतील, पळू द्या. ते झालं की एस-यू-डी-ओ, स्पेस, ए-पी-टी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, आडवी रेघ, एफ. अर्धवट उतरलेलं काही राहिलं असेल तर ते यात पुरं होतं.

तुमचं मशीन सुरू होतंय. पण कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, पाकिटं चढत असताना लाइट जाते, तेव्हा काही वेळा मशीन सुरूच होत नाही. त्या वाचकांसाठी : चालू करताना एस्केप कळ टिचकीसारखी दाबत राहा, जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा आणि यादीतला आधीचा कर्नल घ्या. नवा कर्नल येताना जुना ठेवलेला असतो, तो बहुतेक वेळा उठून उभा राहतो. मग वरचेच दोन आदेश.

यूपीएस नसेल तर लाइटचं वेळापत्रक बघून अपडेट करा. सभासदांची यादी मात्र आज संध्याकाळीच पेनड्राइव्हवर घ्या.

विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवलंय. उबुंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. शिवाय उबुंटूतून विंडोजचा डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. — एक वाचक, नाशिक

साडेपाच तास म्हणजे भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतला फरक. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टी-आय-एम-ई-डी-ए-टी-ई-सी-टी-एल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी (तिन्ही शब्द मधल्या आडव्या रेघांनी जोडलेले), स्पेस, इंग्रजी आकडा एक. घड्याळ साडेपाच तासांऐवजी कित्येक वर्षं मागे जात असेल तर तो दोष वेगळा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तो बदला.

डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. बंद केल्यावरही विंडोज अर्धं झोपलेलं असतं आणि ड्राइव्ह आपल्याच ताब्यात ठेवतं. उबुंटू त्यात लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं, नाहीतर फायलींची खिचडी झाली असती. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा.

मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या लिब्रेऑफिसमध्ये टाइप करतेय, चारशेच्या वर झाल्या. काही पूर्वी मुलीच्या संगणकावर केल्या होत्या. ‘वाऱ्या’ हा शब्द समोर दिसतो, पण शोधायला गेलं तर काहीच ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी नाही. आणि ल, श हिंदीसारखे का दिसतात? — चिपळूण

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चारशे ओव्या हे मोठं काम आहे आणि ते शोधता येईल असंच उरायला हवं.

हा ‘ऱ्या’ दिसायला एक, पण संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. एक तऱ्हा म्हणजे टिंबवाला ऱ, हलन्त आणि य. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, मराठीच्या या अर्ध्या र साठी हीच रीत धरतात. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. जुन्या टंकनप्रणालींमध्ये ही दुसरी सर्रास चालायची. कागदावर फरक दिसत नाही, शोधताना मात्र संगणक या दोघांना वेगवेगळे शब्द मानतो. मुलीच्या संगणकावरच्या ओव्या दुसऱ्या तऱ्हेच्या असणार असा माझा अंदाज आहे.

यापुढे टाइप करताना इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण) कळफलक असेल तर शिफ्टसह जे ही कळ म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. बोटांना दोन दिवसांत सवय होते.

जुन्या ओव्यांसाठी आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मग न सापडणारा एखादा ‘ऱ्या’ मजकुरातूनच निवडून कॉपी करा, कंट्रोल-एच दाबून ‘शोधा’च्या चौकटीत पेस्ट करा आणि ‘बदला’च्या चौकटीत नव्या रीतीने टाइप करा. ‘सगळे बदला’ हे बटण कृपा करून दाबू नका. एकेक पाहत बदला, कारण चुकून साधा र्य बदलला गेला तर आचार्यांचे आचारी होतील, आणि समुद्राचा ‘दर्या’ डोंगरातल्या ‘दऱ्या’ होऊन बसेल. ओवीत दोन्ही येतात, आणि कुठे कोणता आहे ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आता ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं आहेत, २००९च्या शासननिर्णयातही तीच धरलेली आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं. तुमच्या मजकुरावर हिंदीचा शिक्का बसलेला असेल. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजेस असं जा. तिथे भाषांच्या तीन ओळी असतात. आपली ओळ ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची, तिच्यात मराठी निवडा. ही निवड नव्या मजकुराला लागते. आधीच्या ओव्यांसाठी कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, फॉरमॅट मेनूतून कॅरेक्टर उघडा आणि तिथेही त्याच गटात भाषा मराठी करा. फॉन्टही त्याच गटातला बदला. वरच्या ‘वेस्टर्न’ गटातला बदललात तर फक्त इंग्रजी अक्षरं बदलतील.

‘लेकी’तला ल पाकळीचा झाला की कळवा. मग शुद्धलेखन तपासनीस जोडून घेऊ. ओव्यांमधले बोलीतले शब्द त्याला चुकीचे वाटतील, लाल रेघ येईल, पण त्यांतला एकही शब्द त्याच्या सांगण्यावरून बदलू नका. त्या शब्दावर उजवी टिचकी देऊन ‘ॲड टू डिक्शनरी’ करा.